चिमाक्काच्या चुलीवरून गेलेला रस्ता

एक होता राजा. चांगला होता असं मी म्हणणार नाही. वाईट होता असंही नाही. राजा होता, झालं. त्याला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि अशा माणसाचं डोकं हळूहळू कसं होतं ते तुम्ही मोठे झालात की बघालच.

ए, पाय आत घे. गोधडी सगळ्यांची आहे.

तर त्या राजाच्या राज्यात तीन मुलूख होते. एक डोंगराचा, एक खाडीचा, एक काळ्या रानाचा. राजधानी होती डोंगरात. मग खाडीचे लोक म्हणायचे, आम्ही काय सावत्र आहोत? राजाला भेटायचं तर आमचे गुडघे जातात. काळ्या रानाचे म्हणायचे, पिकवायचं आम्ही आणि राजा बसणार त्यांच्या मांडीवर. डोंगराचे म्हणायचे, जळतात मेले. दर दरबारात हेच. राजाला कंटाळा आला. मग त्यानं ठरवलं, राजधानीच नवी बांधायची. कुणाच्याच मुलखात नाही. तिन्ही मुलखांच्या शिवा जिथं एकमेकींना भेटतात तिथं, बरोबर मधोमध.

इथवर माझं राजाशी भांडण नाही.

मग मधोमध कुठं येतं ते बघायला माणसं गेली. मधोमध आलं शेवरी नावाचं गाव. राजानं प्रधानाला विचारलं, तिथं काय आहे? प्रधान म्हणाला, "काही नाही, महाराज."

बघा. गाव होतं, गावात घरं होती, घरात माणसं भाकरी खात बसली होती, आणि हा म्हणतो काही नाही. हा शब्द कुणी वापरला की मला त्याचा कान पिळावासा वाटतो.

मग राजानं विश्वंभरपंताला बोलावलं. हा शहरांची आखणी करणारा. हुशार होता, त्यात खोट नाही. त्यानं भलंमोठं पांढरं कापड घेतलं आणि त्यावर राजधानी काढली. मधे राजवाडा. सूर्याचे किरण निघावेत तसे राजवाड्यातून रस्ते निघालेले. सगळे सरळ, कुठं वाकणं नाही. रुंद एवढे की हत्तींची रांग आडवी चालावी. आणि रस्त्याच्या कडेला घर नाही, बरं का. एकही नाही. का? तर घरं आली की राजवाडा झाकतो. घरं सगळी लांब, शहराच्या कडेला. तिथं सुतार एकीकडे, कुंभार दुसरीकडे, विणकर तिसरीकडे. कुणी कुणाच्या दारात यायचं नाही.

कापड दरबारात टांगलं. डोंगराचे गप्प झाले, खाडीचे गप्प झाले, काळ्या रानाचे पण गप्प झाले. सुंदरच होतं ते. कापडावर.

आता शेवरीत राहायची चिमाक्का. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. होती ती एक चूल. त्या चुलीतला विस्तव कधी विझला नव्हता. निजायच्या आधी चिमाक्का निखारे राखेखाली पुरायची, सकाळी राख सारून फुंकर घालायची, की जाळ तयार. तिची सासू असंच करायची. सासूची सासू पण असंच. तुम्ही खर्र करून काडी ओढता आणि ती नीट पेटली नाही की टाकून देता. तेव्हा काडेपेटी नव्हती. ज्याच्या घरचा विस्तव विझला त्यानं फुटक्या मडक्याचं खापर घ्यायचं, शेजारी जायचं, दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "विस्तव देता का?"

आणि त्या मुलखात रीत अशी होती, की विस्तवाला नाही म्हणायचं नाही. वैरी दारात आला तरी द्यायचा. शिव्या घालून द्या, पण द्या. आणि त्याच रीतीचा दुसरा अर्धा असा, की ज्या चुलीचा विस्तव नेला त्या चुलीवर पाणी ओतायचं नाही.

दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. मग मी पुन्हा सांगणार नाही.

तर शेवरीच्या माळावर राजाची माणसं आली. गवंडी आले, पाथरवट आले, बिगारी आले, शिपाई आले. तंबू ठोकले. पहिल्याच दिवशी पीठ मळलं आणि लक्षात आलं, विस्तव कुठाय? मग एक गवंडी खापर घेऊन गावात गेला. पहिलं घर चिमाक्काचं. त्यानं विचारलं, तिनं दिला. वर म्हणाली, हात धुऊन पीठ मळलंस का रे? नखांत चुना दिसतोय.

मग त्या तंबूतून विस्तव शेजारच्या तंबूत गेला. मग चुन्याच्या भट्टीत गेला. मग विटांच्या भट्टीत. मग लोहाराच्या भात्यापुढं. राजवाडा अर्धामुर्धा झाला तसा राजा तिथं राहायला आला. राणीचे दिवस भरत आले होते, आणि ज्योतिष्यानं सांगितलं होतं की मूल नव्या राजधानीतच जन्मलं पाहिजे. मग राणीच्या खोलीतल्या शेगडीत विस्तव गेला. कुठला? भट्टीतलाच. म्हणजे कुठला? चिमाक्काचाच. सगळ्या राजधानीतला जाळ तिच्या चुलीची लेक, नात नाहीतर पणती होता. कुणाच्या ध्यानात आलं नाही. विस्तवावर नाव लिहिलेलं नसतं.

आणि मग फक्की आली. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. रस्ता कुठून जाणार ते दाखवायला जमिनीवर तिची पांढरी रेघ मारतात. पंताची माणसं रेघ मारत मारत माळावरून आली. रेघ चिमाक्काच्या अंगणात आली, उंबरा ओलांडून आत आली, चुलीवरून गेली आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडली. चिमाक्का भाकरी थापत होती. भाकरीवर पण चुना पडला.

तिनं विचारलं, हे काय?

ते म्हणाले, आक्का, इथून राजरस्ता जातो.

"जाऊ दे की. मी काय त्याची शेपूट धरलीय? चुलीला वळसा घालून जाऊ दे."

मागून पंत स्वतः आला आणि म्हणाला, वळसा घालता येत नाही. सगळे रस्ते सरळ आहेत, एक वाकला की सगळी आखणी बिघडते. चिमाक्का म्हणाली, मग तुझं गणित तू पूस आणि पुन्हा मांड, मी भाकऱ्या करतेय. पंत गेला आणि राजाला घेऊन आला.

राजा हत्तीवरून आला. हत्ती लांबून दिसला तेव्हाच चिमाक्कानं ओळखलं, हे बोलायला येत नाहीत. तिनं चुलीतला एक निखारा उचलला, खापरात ठेवला, वर राख ओढली आणि खापर पदराखाली घेतलं. मग दारात येऊन उभी राहिली.

राजा म्हणाला, एका चुलीसाठी मी राज्याचा रस्ता वाकडा करू का?

"चूल आधीपासून आहे, राजा. रस्ता आज आलाय."

एवढं बोलणं झालं. राजानं हुकूम दिला, गाव उठवा. कुठं पाठवायचं? तर बोडक्या टेकडीवर. तिथं झाड नाही, पाणी नाही. तिथं शेवरीची माणसं हंडे-गाडगी घेऊन चढली. म्हातारे चढले, पोरं चढली, मंजुळा नावाची एक पोटुशी बाई कंबर धरून चढली. चिमाक्का सगळ्यांच्या पुढं. मागं वळून बघितलं नाही तिनं.

मग राजानं शिपायाला सांगितलं, चूल विझव. शिपाई हंडा घेऊन नुसताच उभा. तो त्याच विस्तवावर रोज भाकरी भाजून खात होता. त्याचा हातच उठेना. त्याला रीत माहीत होती. आणि राजाला? राजाला भाकरी ताटात आलेलीच माहीत. तो हत्तीवरून उतरला, शिपायाच्या हातातून हंडा घेतला आणि स्वतः चुलीवर ओतला. भरलेला हंडा. सगळाच्या सगळा.

फस्स.

आणि त्याच घटकेला तंबूतल्या चुली विझल्या. तव्यावरच्या भाकऱ्या अर्ध्या कच्च्या राहिल्या. मग भट्ट्या विझल्या, चुन्याची पण आणि विटांची पण. लोहाराचं लालभडक लोखंड हातोडा खाली यायच्या आत काळं पडलं. मग राजवाड्यातले दिवे गेले, आणि सगळ्यात शेवटी राणीच्या खोलीतली शेगडी.

अख्खी राजधानी एका हंड्यानं विझली. बरं झालं. मला तर अजून बरं वाटतं.

राजा म्हणाला, त्यात काय? नवा विस्तव आणा. मग जुन्या राजधानीतून घोडेस्वार पेटत्या मशाली घेऊन निघाले. नद्या ओलांडल्या, वारा खाल्ला, मशाली जळतच होत्या. नव्या राजधानीच्या पांढऱ्या रेघेवर घोड्याचा पाय पडला आणि एकजात विझल्या.

मग गारगोट्या आणल्या. लोक गारगोटीवर गारगोटी घासत बसले. ठिणग्या पडायच्या, पण गार. मोहरी सांडावी तशा जमिनीवर पडून राहायच्या.

एवढ्यात कुणाला तरी टेकडीवर धूर दिसला. चिमाक्काच्या पदराखालचा निखारा तो; मागून नेलेला नव्हता, म्हणून जगला होता. रस्ता सरळ होता ना, म्हणून लांबचं दिसलं. त्या रस्त्याचा झाला तो एवढाच उपयोग. मग प्रधान टेकडीवर गेला आणि म्हणाला, राजाची आज्ञा आहे, विस्तव दे. चिमाक्कानं निखारा पुढं केला. प्रधानानं तो सोन्याच्या पेल्यात घेतला, आणि पेल्यात पडता पडता त्याचा कोळसा झाला. चिमाक्का म्हणाली, मी दिला. तुला मागता आला नाही, त्याला मी काय करू.

तोवर राजधानीत सगळे भिजवलेले हरभरे खात होते. दरबारी पण, घोडे पण. तिन्ही मुलखांची भांडणं मात्र थांबली होती, कारण तिन्ही मुलखांची पोटं एकाच वेळी बिघडली होती. हसू नका. पुढचं हसण्यासारखं नाही.

थंडी पडली होती, आणि राणीला मुलगी झाली. बाळ एवढंसं. अंग गार, ओठ निळे. बाळाला शेकायचं तर शेगडी नाही, बाळंतिणीला ऊन पाणी नाही, खाटेखाली ऊब नाही. सुईण बाहेर आली आणि राजाला म्हणाली, "शेक मिळाला नाही तर दोघींचं काही खरं नाही. तुमचे रस्ते तुम्ही बघा."

मग राजानं खापर घेतलं. चपला काढल्या आणि चालत निघाला. हत्ती नाही, छत्री नाही, शिपाई नाही. सरळ रस्त्यानं बोडक्या टेकडीवर गेला.

वर चार काठ्यांवर एक घोंगडं टाकलं होतं. त्याच्या आडोशाला मंजुळा पडली होती, कुशीत एक बाळ. त्याच आठवड्यातलं. पायाशी इवलासा जाळ, आणि जाळापाशी चिमाक्का बसलेली. राजा समोर उभा राहिला. खापर पुढं केलं.

"विस्तव देता का?"

चिमाक्कानं वर बघितलं नाही. म्हणाली, "कशाला?"

"घरात बाळंतीण आहे."

"ही पण बाळंतीणच आहे. तुझ्या पंताला विचार, हिची खोली त्यानं कापडावर कुठं काढलीय ते."

राजानं खापर तसंच पुढं धरून ठेवलं. चिमाक्काच्या तोंडात 'नाही' आलं होतं. पार जिभेच्या टोकावर. ह्या माणसानं तिची चूल विझवली होती, सासूची आणि सासूच्या सासूची. पण विस्तवाला नाही म्हणायचं नाही. तिनं तो शब्द गिळला. कसा गिळला ते तिलाच माहीत. मग चिमट्यानं निखारा उचलला आणि खापरात ठेवला.

"घे. तुला देत नाही. त्या बाळंतिणीला देतेय."

राजा निखारा घेऊन टेकडी उतरला. रस्त्यावर आला. रुंद रस्ता, दोन्ही बाजूला काही नाही, वारा नुसता मोकाट. राजानं ओंजळ धरली, पाठ आडवी केली. अर्ध्या वाटेत निखारा विझला.

तो परत गेला. मागितला, तिनं दिला. या खेपेला तो पळाला. पळाल्यानं वारा जास्त लागला, निखारा भराभरा जळाला आणि राख झाली. थोडा लांब गेला होता इतकंच.

तेव्हा राजा रस्त्यात खाली बसला. समोर राजवाडा दिसत होता. केवढा छान दिसत होता, आड काही नव्हतं ना. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. एक दार नाही. निखारा मंदावला तर कुणाच्या चुलीत ठेवून जरा फुलवून घ्यावा, तर चूल नाही. घोटभर पाणी नाही, कुणी विचारणारं नाही. आणि त्याच्या ध्यानात आलं, इथं दारं होती. ती त्यानंच काढली होती.

मग तो तिसऱ्यांदा टेकडी चढला. या खेपेला खापर पुढं केलं नाही.

म्हणाला, "आक्का, खाली चला."

"कशाला?"

"वाटेत घर नाही."

चिमाक्कानं जाळात एक काटकी सारली. मग म्हणाली, "आमच्या जागी बसू. तुझ्या कापडावरच्या नाही."

राजा हो म्हणाला. तेव्हा ती उठली. खापर घेतलं, आणि अख्खं गाव तिच्या मागं उतरलं. मंजुळाला डोलीत घातली. डोलीचा एक दांडा राजाच्या खांद्यावर होता. खांदा सोलला त्याचा. सोलू दे.

मग कसं झालं, चालता चालता निखारा मंदावला की चिमाक्का तिथंच थांबायची. कुणीतरी तीन दगड मांडायचं, गोवरी ठेवायचं, सगळे फुंकायचे, जाळ व्हायचा. ज्यानं दगड मांडले त्याचं घर तिथं. मग तिथून नवा निखारा घेऊन पुढं. सरळ नाही गेले ते. वारा टाळायला ओढ्याच्या काठानं गेले, मग एका मोठ्या खडकाच्या आडोशानं, मग शेवरीची जुनी पाऊलवाट लागली तिनं. मागून विश्वंभरपंत फक्कीची पाटी घेऊन स्वतः चालत होता, आणि ते जातील तशी वाकडी रेघ मारत होता. आधी पुटपुटत होता. मग कुठं वळण जास्त झालं तर लोकांनाच विचारायला लागला, इथं वारा लागतो का हो?

असं करत करत चिमाक्काच्या जागेवर आले. छप्पर उडालेलं, चुलीत ओल्या राखेचा चिखल. चिमाक्का कडेला बसली. गावातली एक बाई चूल साफ करायला पुढं झाली, तर तिला म्हणाली, तू नको. पाणी कुणी ओतलं?

मग राजा गुडघ्यावर बसला. ओली राख हातानं काढली. माती आणली, शेण आणलं, चूल लिंपली. चिमाक्का बोलत होती, अरे, एवढं पातळ कुणी करतं का, बोटं नीट फिरव, कोपरा राहिला, तुझ्या आईनं काहीच शिकवलं नाही का. राजा लिंपत होता.

मग चुलीत निखारा ठेवला. चिमाक्कानं फुंकर घातली, जाळ झाला. राजानं त्यातला निखारा खापरात घेतला आणि राजवाड्याकडं निघाला. चूल लिंपून होईतो बाकीच्यांनी राजवाड्यापर्यंत दगड मांडले होते, म्हणून आता वाटेत घरं होती. एका दारात निखारा फुलवून घेतला, दुसऱ्या दारात फुलवून घेतला. राणीच्या शेगडीत पोचला तेव्हा लाल होता. पोरगी शेकली गेली आणि अशी रडली, अशी रडली, की टेकडीपर्यंत ऐकू गेलं. त्यानंतर भट्ट्या पेटल्या, भाते चालले, भाकऱ्या फुगल्या.

आणि ते पांढरं कापड? ते मऊ होतं आणि भरपूर होतं. सुईणीनं ते फाडलं, अर्ध्याची बाळुती राजाच्या पोरीला आणि अर्ध्याची मंजुळाच्या पोरीला. मोठ्या आखणीचा असा उपयोग झाला. धुऊन वाळत घातलं की लोक बघायला यायचे.

तशी ती राजधानी झाली. अजून आहे म्हणतात. एका घरातून दुसऱ्या घरात निखारा नेता येईल एवढ्याच अंतरावर घरं, आणि घरांच्या मधून वाट. डोंगराचा, खाडीचा, काळ्या रानाचा, जो आला त्याला शेजार मिळाला, कारण विस्तव मागायला शेजारीच जावं लागतं. राजवाडा नीट दिसत नाही, हे खरं. घरांमागं झाकला गेलाय. आणि राजरस्ता चिमाक्काच्या चुलीपाशी आला की वळसा घेतो. मिरवणूक असली तरी हत्तीला तिथं हळू चालावं लागतं.

राजा रोज सकाळी खापर घेऊन तिच्या दारात यायचा. ती रोज द्यायची आणि रोज बोलायची. कधी छपराबद्दल, कधी पाण्याबद्दल, कधी कुठला शिपाई माजलाय त्याबद्दल. राजाला ते करावं लागायचं, उद्या पुन्हा दारात यायचं होतं ना. लोक म्हणाले, आक्का, आता राग सोड. केवढा सुधारला तो. ती म्हणाली, "विस्तव देते. राग माझा आहे, तो ठेवते."

मग राजा सुखी झाला, राणी सुखी झाली, मंजुळा सुखी झाली, दोन्ही पोरी एकमेकींच्या झिंज्या ओढत मोठ्या झाल्या. पंतानं पण ओढ्याकाठी घर बांधलं. सगळे सुखानं राहिले. चिमाक्का तेवढी शेवटपर्यंत रागावलेली राहिली. आणि तिनं बरोबर केलं, कारण ती हसली असती ना, तर रस्ता दुसऱ्या दिवशी सरळ झाला असता.

झाली गोष्ट. निखाऱ्यावर राख ओढली. आता तुम्ही पण गोधडीखाली ऊब धरून पडा, बोलायचं नाही. सकाळी फुंकर घालून उठवीन. पाणी नाही ओतणार, घाबरू नका.